गुरुवारचा तास काढू नका

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
अभ्यास मंडळ

विषय : अध्यापनातील तंत्रज्ञानाच्या वापराचा मसुदा आणि ट्युटोरियलचे तास

सन्माननीय सर आणि मॅडम,

सविनय नमस्कार.

तुमचा मसुदा मी दोनदा वाचला. एकदा फोनवर, जिन्यात उभ्या उभ्या, आणि एकदा छापून घेऊन, हातात पेन धरून. पहिल्या वाचनात तो मला आवडला होता, हे आधीच सांगून टाकते. प्रत्येक विद्यार्थ्याला एआय सहायक मिळणार, सगळी व्याख्यानं रेकॉर्ड होणार, असाइनमेंट ऑनलाइन तपासल्या जाणार. छान वाटलं. दुसऱ्या वाचनात पेन एका वाक्यापाशी अडलं. या सगळ्या सुविधा आल्यावर साप्ताहिक ट्युटोरियलची, म्हणजे लहान गटात उदाहरणं सोडवण्याच्या तासाची, आवश्यकता उरत नाही, सबब ते तास पुढच्या सत्रापासून कमी करावेत, अशा अर्थाचं ते वाक्य. आधीच्या आणि नंतरच्या मुद्द्यांना दोन-दोन पानं मिळालीत. याला एक ओळ.

मसुद्यासोबत अभिप्रायाचा फॉर्म आलाय. पाच प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच तारे आणि शेवटी ‘अन्य सूचना’ नावाची चौकट. तिच्यात दोनशे अक्षरं मावतात. माझं म्हणणं तेवढ्यात मावेना, म्हणून हे पत्र.

मी संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात, दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाचं गुरुवारचं ट्युटोरियल मी घेते. म्हणजे या तासात हिचा स्वार्थ आहे, असं कुणी म्हणेल. आहेच. पण त्या तासाला शिकवून मला जे मिळतं, त्यापेक्षा तशाच एका तासाला फळ्यासमोर गप्प उभी राहून जे मिळालं ते जास्त आहे. त्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

मागच्या वर्षी आम्हाला आळीपाळीनं एकेक लहानसा विषय मांडायचा होता. माझ्या वाट्याला आलं ते असं : नमुन्यावरून व्हेरिअन्स, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, काढताना एन ने (आकडे जितके तितक्यानं) न भागता एन वजा एक ने का भागायचं? संख्याशास्त्र शिकलेल्या प्रत्येकानं हे सूत्र पाठ केलेलं असतं आणि ‘का’ हा प्रश्न बहुतेकांनी पुढे ढकललेला असतो. मी एआयला विचारलं. त्यानं पाच ओळींची सिद्धता दिली. वाचली, पटली, फळ्यावर उतरवली. एकही पायरी चुकलेली नव्हती.

तो तास घेणाऱ्या मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “सगळं बरोबर आहे. पण एकच का वजा करायचा? दोन का नाही?”

मी सिद्धतेची चौथी ओळ पुन्हा वाचून दाखवली.

“ओळ दिसतेय मला. तू सांग.”

मी गप्प. खडू हातात तसाच. मॅडमनी कुणाला हसू दिलं नाही. त्या उठल्या आणि फळ्याच्या कोपऱ्यात तीन आकडे लिहिले : २, ४, ९. सरासरी? पाच. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर? वजा तीन, वजा एक, अधिक चार. मग त्यांनी त्या चारवर अंगठा ठेवला. “आता हा मला दिसत नाही. उरलेले दोन दिसतायत. लपलेला किती, ते सांगता येईल?” सांगता येणारच होतं, कारण तिघांची बेरीज शून्य व्हायलाच हवी. म्हणजे तीन अंतरांपैकी दोनच मोकळी आहेत, तिसरं बांधलेलं आहे. त्याच आकड्यांतून एक सरासरी काढली, म्हणून एक मोकळीक खर्ची पडली.

“आता खरी सरासरी पाच नसून सहा आहे असं धर, आणि अंतरांचे वर्ग घरी करून बघ,” म्हणाल्या, आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

त्या संध्याकाळी मी कागद घेऊन बसले. पाचपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज २६ आली. सहापासून केली, २९. चारपासून केली, पुन्हा २९. मी खूश. माझा निष्कर्ष तयार : पाच सोडून कुठलीही सरासरी धरा, बेरीज बरोबर तीननं वाढते, कारण आकडे तीन आहेत. हा निष्कर्ष मी रात्रभर बाळगला. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून सात धरून पाहिलं, तर आले ३८. बारानं जास्त. साडेपाच धरून पाहिलं, तर जेमतेम पाऊण जास्त. निष्कर्ष कोसळला. मग आकडे एकाखाली एक लिहिल्यावर दिसलं की फरक दर वेळी तीन गुणिले अंतराचा वर्ग एवढा येतोय. सात पाचपासून दोन लांब, दोनचा वर्ग चार, चार त्रिक बारा.

आणि मग लक्षात आलं की सिद्धतेची चौथी ओळ हीच होती. अक्षरांत लिहिलेली. मी ती फळ्यावर उतरवली होती, दोनदा मोठ्यानं वाचली होती. नमुन्याची सरासरी आपल्या आकड्यांना खऱ्या सरासरीपेक्षा कायम जास्त चिकटून असते, म्हणून पसारा खऱ्यापेक्षा लहान दिसतो. किती लहान? त्या जादा पदाची सरासरी काढली की ती बरोबर एका व्हेरिअन्सएवढी भरते. तोच तो वजा होणारा एक.

पाच ओळींच्या सिद्धतेला दोन संध्याकाळी लागल्या आणि त्यातली एक पूर्ण संध्याकाळ चुकीच्या समजुतीत गेली. पण आजही मला झोपेतून उठवून विचारलंत तर हे सांगेन.

यात एआयची चूक काढायला जागा नाही. त्यानं दिलेलं उत्तर बिनचूक होतं. घोटाळा माझ्या आतला होता : ते वाचून मला वाटलं की मला आलं. आपल्याकडे दोन वेगळी क्रियापदं आहेत, समजणं आणि येणं. काठावर बसून पोहणं समजतं, पोहता येत नाही. तंत्रज्ञानानं समजणं फार स्वस्त केलंय, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. येण्याचा भाव मात्र होता तेवढाच आहे. तुमच्या मसुद्यात या दोन गोष्टी एकच धरल्या आहेत.

हा फक्त माझा अनुभव असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पण संशोधनात हे पुन्हा पुन्हा दिसलंय. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटानं एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा बंद ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१. यातली बोचरी गोष्ट पुढेच आहे. आपल्याला पुढे किती आठवेल असं वाटतं, हे विचारलं तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्यांना होती.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गात असाच अनुभव आला. तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला रसाळ, सफाईदार व्याख्यान. दुसऱ्या गटाला तोच मजकूर, पण आधी स्वतः झगडायचं, गटात बोलायचं, मग उत्तर ऐकायचं. परीक्षेत झगडणाऱ्यांना जास्त गुण मिळाले. मात्र ‘आज किती शिकलात असं वाटतं?’ या प्रश्नाला जास्त भरघोस उत्तर व्याख्यान ऐकणाऱ्यांनी दिलं.

आता तुमच्या फॉर्मकडे बघा. पाचही प्रश्न ‘तुम्हाला किती उपयुक्त वाटलं’ या जातीचे आहेत. सिद्धता फळ्यावर उतरवून खाली बसायच्या आधीच्या मिनिटाला मला हा फॉर्म दिला असतात, तर एआयला मी पाच तारे दिले असते. मॅडमच्या प्रश्नानंतरच्या मिनिटाला ट्युटोरियलला बहुधा एक दिला असता. आणि दोन्ही वेळा मी प्रामाणिकच असते.

याच विषयावरचा सगळ्यात थेट प्रयोग तुर्कस्तानातल्या एका शाळेत झाला. सुमारे हजार मुलं, विषय गणित. ज्यांना सरावाच्या वेळी नेहमीसारखा चॅटबॉट दिला, त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. पण त्याच प्रयोगात तिसरा गट होता. त्यांना दिलेला चॅटबॉट उत्तर सांगायचा नाही, शिक्षकांनी घालून दिलेल्या बेतानं इशारे द्यायचा. त्यांचा सराव आणखी कितीतरी सुधारला आणि परीक्षेतलं नुकसान जवळपास भरून निघालं.

म्हणजे प्रश्न यंत्र हवं की नको, असा नाहीच. यंत्र कुठल्या पायरीवर हात देतं, हा आहे. संगणकीय शिकवणीवरच्या कितीतरी अभ्यासांचा कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये आढावा घेतला. पायरी-पायरीनं सोबत करणारी यंत्रं माणसाच्या खासगी शिकवणीच्या जवळपास बरोबरीनं काम करतात, आणि नुसतं अंतिम उत्तर तपासणारी बरीच मागे राहतात, असं त्यात निघालं. मसुद्यात आम्हाला मिळणारा सहायक यातल्या कुठल्या जातीचा आहे? मी शोधलं. परवान्यांची संख्या आहे, मुदत आहे, लॉगिन कसं करायचं तेही आहे. हे नाही.

(इथे सॉक्रेटिसला आणायचा मोह होतो. लेखनामुळे स्मरणशक्ती जाईल ही त्याची भीती अशा प्रत्येक चर्चेत येते आणि बिचारा दर वेळी हरतो. त्याला सोडून देऊ.)

त्यापेक्षा जवळचा इतिहास जास्त उपयोगाचा आहे. १९१३ मध्ये एडिसन यांनी सांगितलं होतं की चलचित्रांमुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील आणि दहा वर्षांत शाळांचं रूपच पालटेल. पुस्तकं आहेत. १९५३ मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात पाहुणे म्हणून गेले. मुलं एकामागून एक उदाहरणं सोडवतायत आणि बरोबर की चूक हे कुणालाच लगेच कळत नाहीये, हे त्यांना खटकलं. तिथून त्यांचं शिकवणारं यंत्र सुरू झालं. यंत्र टिकलं नाही, पण खटकलं ते योग्यच होतं. चुकलं की लगेच कळायला हवं. गुरुवारी मी बाकांमधून फिरत असते ते याचसाठी.

गुरुवारी नक्की काय होतं, हे सगळ्या सदस्यांना माहीत असेलच असं नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ट्युटोरियल घेऊन वर्षं झाली असतील. म्हणून एक प्रसंग. परवाच एक मुलगी एका उदाहरणाचं उत्तर लिहिताना म्हणाली, “सरासरी पाच आहे, म्हणजे निम्मे तरी पाचच्या वर असणारच.” उदाहरणाचं उत्तर बरोबर होतं. हे वाक्य तिनं जाता जाता, शेजारणीला म्हटलं होतं. मी तिच्या वहीत २, ४, ९ लिहिले. तिनं बघितलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, “मग मी शाळेपासून काय समजत होते?”

ही शंका तिनं कुठल्याही एआयला विचारली नसती, कारण ती तिच्या लेखी शंका नव्हतीच. ती तिची खात्री होती. जे अडलंय ते यंत्राला विचारता येतं. जे अडलेलंच नाही, बिनबोभाट चुकीचं बसलंय, ते कुणाच्या तरी कानावर पडल्याशिवाय वर येत नाही. शेजारी बसलेल्याच्या, मागून जाणाऱ्या माझ्यासारखीच्या. रेकॉर्ड केलेलं व्याख्यान तर आपलं बोलणं ऐकतच नाही.

रेकॉर्डिंगबद्दलही खरं सांगते. माझ्या लॅपटॉपवर ‘नंतर बघू’ नावाचा फोल्डर आहे. मागच्या सत्रातली अठ्ठावीस व्याख्यानं त्यात पडून आहेत. त्यातली तीन मी पाहिली, दुप्पट वेगानं. माझ्या गुरुवारच्या गटातही फार वेगळं चित्र नाही. तरीही रेकॉर्डिंग बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही. एक जण नोकरी सांभाळून शिकतो, एकीला महिनाभर दवाखान्यात राहावं लागलं. त्यांचं वर्ष या रेकॉर्डिंगवर तरलं. त्यांनी ती खरोखर पाहिली, थांबवून, मागे नेऊन. ज्याला पर्याय नाही त्याच्यासाठी ती सोय आहे. ज्याच्याकडे पर्याय होता त्याचा पर्याय काढून घ्यायला ती निमित्त होऊ नये.

आता एआयकडून लिहून घेतलेलं पकडणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. तेही मसुद्यात आहे. माझ्या गटातला एक मुलगा. त्याचं इंग्रजी नंतर शिकलेलं, जपून वापरलेलं. वाक्यं आखूड, ठरावीक. मागच्या सत्रात चाचणी म्हणून वापरलेल्या सॉफ्टवेअरनं त्याच्या असाइनमेंटवर लाल शिक्का मारला. त्याला खुलासा लिहून द्यायला सांगितलं. न केलेल्या गोष्टीचा लेखी खुलासा कसा लिहायचा? तो दोन दिवस वर्गात आला नाही. शेवटी त्याच्यासोबत मी बसले आणि कागद बाजूला ठेवून विचारलं, की ही संख्याशास्त्रीय चाचणी का निवडलीस, ती का नाही? दहा मिनिटं तो बोलला. एक आकृतीही काढली, जी असाइनमेंटमध्ये नव्हती. मी तसं कळवलं, प्रकरण मिटलं. पण तो अजून माझ्या नजरेला नजर देत नाही. माझ्यावर राग आहे म्हणून नव्हे. आपल्यावर संशय घेतला गेला होता हे ठाऊक असलेल्या माणसाला तसं होतं.

यात नवल काहीच नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेत लिहिलेले ९१ निबंध अशा सात वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना, म्हणजे शोधकांना, दिले होते. माणसांनी लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त त्यांनी यंत्राच्या नावावर टाकले. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं जानेवारी २०२३ मध्ये असा एक शोधक काढला आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतला. त्यांनीच दिलेले आकडे होते : यंत्रानं लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्के तो पकडतो, आणि माणसानं लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर चुकून बोट ठेवतो.

नऊ टक्के म्हणजे फार नाही, असं वाटेल. संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला एक त्रैराशिक मांडू द्या. शंभर जणांचा वर्ग धरा. वीस जणांनी यंत्राकडून लिहून घेतलं, ऐंशी जणांनी स्वतः लिहिलं. वीसपैकी साधारण पाच पकडले जातील. ऐंशीपैकी साधारण सात विनाकारण पकडले जातील. शिक्का बसलेल्या बारांमध्ये निर्दोष जास्त, आणि खऱ्या वीसपैकी पंधरा निवांत. नवी सॉफ्टवेअर याहून बरी असतील, मान्य. पण मसुद्यात जे घ्यायचं ठरतंय त्याचे हे दोन आकडे कुठेच दिलेले नाहीत, आणि ते नसताना लाल शिक्क्याचा अर्थ लावता येत नाही. हा प्रश्न आम्हाला परीक्षेत दहा गुणांना येतो.

दहा मिनिटांच्या बोलण्यानं जे कळलं ते कुठल्याही शोधकाहून पक्कं होतं, आणि त्यात कुणाची इज्जत गेली नसती, जर ते शिक्क्याआधी झालं असतं. गट वीस-बावीस जणांचा असेल तर गुरुवारच्या तासात दर आठवड्याला तीन-चार जणांशी असं बोलता येतं. सत्र संपेपर्यंत प्रत्येकाची पाळी दोनदा येते. वेगळी तोंडी परीक्षा नको, वेगळा परीक्षक नको. तास तेवढा हवा.

एक गोष्ट मसुद्यात अजिबातच नाही आणि तिचा मला मनापासून राग आला, म्हणून तीही लिहिते. माझ्या वर्गात एक जण आहे ज्याला दिसत नाही. तो स्क्रीन रीडरवर शिकतो. शब्द वाचून दाखवण्यात ते सॉफ्टवेअर इतकं तरबेज आहे की तो ज्या वेगानं ऐकतो तो आम्हाला नुसता गुरगुराट वाटतो. पण आम्हाला मिळणाऱ्या निम्म्या नोट्स म्हणजे हस्तलिखित पानांचे फोटो एकत्र करून केलेली पीडीएफ. स्क्रीन रीडरच्या लेखी ते कोरं पान. समीकरण नीट टाइप केलेलं असेल तर ते वाचता येतं. चित्र असेल तर ‘चित्र’ एवढंच ऐकू येतं. तंत्रज्ञान ज्याच्यासाठी खरोखर दार उघडतं, तो विद्यार्थी तुमच्या तंत्रज्ञानाच्या मसुद्यात सापडला नाही. नोट्स टाइप करून घ्यायचं काम आम्ही चौघं-पाच जण आळीपाळीनं करतो. त्यात एआयची खूप मदत होते, बरं का. फोटोवरून समीकरणं उतरवण्यात तो वाकबगार आहे; अधूनमधून एखादं वजा चिन्ह गिळतो, ते आम्ही तपासतो. आणि तपासता तपासता आमचा तो धडा पक्का होतो, हा वरकड फायदा.

तेव्हा माझी विनंती मुख्यतः एकच आहे. ट्युटोरियलबद्दलची ती ओळ मसुद्यातून काढा. शोधकाचा शिक्का पुरावा म्हणून वापरू नका. आधी विद्यार्थ्याशी बोला. सहायक घ्यायचाच असेल तर उत्तराआधी इशारे देणारा घ्या, आणि तो घेतल्यावर सत्राच्या मध्यावर कधीतरी, तो बंद ठेवून, कागद-पेनावर एक लहान परीक्षा घ्या. गुणांसाठी नव्हे. त्याच्याशिवाय आमच्याकडे काय शिल्लक राहतं, हे तुम्हाला आणि आम्हालाही कळावं म्हणून. साधन उपयोगी ठरलं का, याचं उत्तर त्या कागदांत मिळेल, ताऱ्यांत नाही. नोट्सबद्दल तर परवानगीचीही गरज नाही, उद्यापासून सुरू करता येईल.

खर्चाचा मुद्दा मला कळतो. तासाला माणूस लागतो आणि माणसाला मानधन. परवान्याचा आकडा एका ओळीत बसतो, तासांचा बसत नाही. ज्या बैठकीत हे ठरलं असेल तिथे कुणी वाईट हेतूनं बोललं नसणार. तिथे फक्त पहिल्या वर्षाची ती मुलगी नसणार, पेन खाली ठेवून वहीतल्या तीन आकड्यांकडे बघणारी.

निर्णय घेण्याआधी एखाद्या गुरुवारी येऊन बसा. आधी कळवायचीही गरज नाही. मागच्या बाकावर दोन जागा नेहमी रिकाम्या असतात. मागच्या सत्रातलं काहीही कुणालाही विचारा, मलाही. सगळ्यांना सगळं येईल असं मुळीच सांगत नाही. एखादा अडला, तर त्याच्या शेजारचा काय करतो तेवढं बघा.

आपली विश्वासू,
पदव्युत्तर संख्याशास्त्र, द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी

ता. क. फॉर्मही भरलाय. तारे पाचही प्रश्नांना दिले, कारण ते दिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. ‘अन्य सूचना’मध्ये लिहिलंय : गुरुवारचा तास काढू नका. बरीच अक्षरं उरली.